दाराआडची झुंबरबाई

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष माननीय चुडामण अण्णा, मुंबईहून मुद्दाम आलेले वाहिनीचे प्रतिनिधी, व्यासपीठावरचे सर्व मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे उखर्डू नाना, पहिल्या रांगेतली वडीलधारी मंडळी, नाट्य मंडळातले माझे जुने-नवे सहकारी, आणि पंखा बरोबर डोक्यावर येईल अशी खुर्ची धरून बसलेल्या माझ्या जळगावकर बंधू-भगिनींनो, आपल्या सर्वांना कुंदा बोरसेचा नमस्कार.

अण्णांनी मला सांगितलंय, कुंदाबाई, थोडक्यात बोला. अण्णा, माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. 'तीन मिनिटं झाली, वाढवायची का?' हे मी लोकांना इतक्या वेळा विचारलंय, की थोडक्यात म्हणजे काय ते मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. पण आज लाइन माझ्या हातात आहे. माझी लाइन कोण कट करणार?

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर तुमचं अर्धं लक्ष तिकडेच राहील. नानांच्या शेजारची ती खुर्ची रिकामी आहे. पत्रिकेत तर आपण छापलंय की उखर्डू नाना आणि सौभाग्यवती भागाबाई यांचा सपत्नीक सत्कार. मग भागा अक्का कुठे आहेत? आल्या आहेत हो. माझ्या डाव्या हाताला हा निळा पडदा आहे ना, त्याच्यामागे विंगेत उभ्या आहेत. मोरपंखी साडी नेसून, डोक्यावरून पदर घेऊन. आणि त्या स्टेजवर का येत नाहीत, ते आपल्यातल्या जुन्या माणसांना पहिल्या रांगेकडे बघितल्याबरोबर कळलं असेल. तिथे मधोमध वना आबा बसलेत. वना आबा म्हणजे नानांचे थोरले भाऊ, म्हणजे भागा अक्कांचे जेठ.

मुंबईच्या पाहुण्यांसाठी सांगते. आमच्याकडे जुन्या घरातली सून जेठासमोर येत नाही. बोलते, सगळं बोलते, भांडतेसुद्धा, पण दाराआडून. अक्का लग्न करून या घरात आल्या तेव्हापासून आजपर्यंत त्या वना आबांच्या समोर आलेल्या नाहीत. चूल एक, घर एक, आणि मध्ये दार. तेव्हा आजचा सत्कार पुरा होणार, की ती खुर्ची अशीच राहणार, हे अजून ठरलेलं नाही. ठरेपर्यंत मी बोलते.

नानांची लेखणी पहिल्यांदा चालली ती टांग्यावर. इथल्या किती जणांना आठवतंय बघा. चाळीसगावकडे तंबूतला सिनेमा यायचा, आणि दुपारी गावातून टांगा फिरायचा, भोंगा बांधलेला. त्या भोंग्यात जे ओरडलं जायचं, ते नाना लिहायचे. बाकीचे जाहिरातवाले गाणी किती, मारामाऱ्या किती ते सांगायचे. नाना गोष्ट सांगायला सुरुवात करायचे. नवरा परगावी गेला, सासू आंधळी, आणि दारात येऊन उभा राहिला एक अनोळखी माणूस. त्यानं पाणी मागितलं. तिनं कडी काढली. आणि टांगा पुढच्या गल्लीत. बाया टांग्याच्या मागे चालायच्या, पुढचं ऐकायला मिळेल म्हणून. पुढच्या गल्लीत पुन्हा तेच, कडीपर्यंत. मालक एकदा म्हणाला, अहो, थोडं पुढचं तरी सांगा. नाना म्हणाले, "पुढचं सांगितलं तर तंबूत कोण येईल? तुमची आजी?"

हा माणूस तेव्हाच लेखक झाला होता. आपल्याला कळायला उशीर लागला, एवढंच.

मग आपल्या जळगावला रेडिओ केंद्र आलं आणि नाना टांग्यावरून उतरून रेडिओवर चढले. दर बुधवारी संध्याकाळी आमची कुटुंबमालिका लागायची. मी तेव्हा एक्स्चेंजमध्ये नवीन होते, बाविशीची, काडीसारखी बारीक. आवाजाची चाचणी द्यायला गेले ती सुनेच्या भूमिकेसाठी. नानांनी माझं वाचन ऐकलं आणि म्हणाले, "सून नको. ही झुंबरबाई." मला वाईटच वाटलं. झुंबरबाई म्हणजे साठीची म्हातारी, विधवा, तोंडानं फटकळ, घरात बसून सगळ्या गावाचा न्याय करणारी. मी नानांना म्हटलं, मी काय म्हातारी वाटते? नाना म्हणाले, "दिसायचं काम नाही इथं. तुझ्या गळ्यात एक म्हातारी बसलीय. तिला बोलू दे."

आणि ती बोलली. अहिराणीत बोलली, आमच्या अमळनेरकडच्या माझ्या आत्या-मावश्या बोलतात तशी. पुढची नऊ-दहा वर्षं ती बोलत राहिली. एकदा एक्स्चेंजमध्ये डाळमिलच्या एका शेठजींचा इंदूरचा ट्रंक कॉल मी जोडत होते. ते मला म्हणाले, "बाई, जरा लवकर जोडा, झुंबरबाईची वेळ झाली. ती आज जावयाला सरळ करणार आहे." मी म्हटलं, हो का, कोण झुंबरबाई? शेठजी माझ्यावर जे चिडले. "जळगावात राहता आणि झुंबरबाई माहीत नाही?" मी त्यांना काही सांगितलं नाही. कॉल जोडून दिला. घरी जाताना मात्र सायकलवर मी एकटीच हसत होते.

सांगायचा मुद्दा असा, की सगळ्या खानदेशाला झुंबरबाई ठाऊक होती, कुंदा बोरसे कोणालाच नाही. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. दिवसभर मी तारा जोडायची आणि आठवड्यातून एकदा मी घराघरात जाऊन बसायची. यापेक्षा जास्त माणसाला काय पाहिजे? झुंबरबाई माझी होती. ती माझ्याकडून कोणी घेईल असं स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं.

आणि मग घरांवर अँटेना उभे राहिले.

आधी पेठेतल्या सराफांच्या माड्यांवर, मग कॉलनीत, मग थेट खेड्यात. बुधवारी संध्याकाळी गल्लीतून चालत गेलं की पूर्वी प्रत्येक घरातून माझाच आवाज यायचा. तो एकेका घरातून बंद होत गेला. श्रोत्यांची पोस्टकार्डं पोत्यानं यायची, ती हाताच्या मुठीत मावायला लागली. रेडिओतले लोक सुतकात बसल्यासारखे बसले. नाना मात्र शेजारच्यांच्या घरी जाऊन टीव्ही बघायला लागले. बातम्या, कुस्त्या, शेतीचा कार्यक्रम, दिसेल ते. मी म्हटलं, नाना, तुम्हीपण फितूर? तर म्हणाले, "नवीन पाहुणा आलाय गावात. त्याला काय आवडतं, काय नाही, ते विचारायला नको का?"

याच सुमाराला तोताराम आला. तोताराम, कुठे आहेस? हात वर कर. हे बघा, हाच तो. लग्नात आपण घास तोंडात घालतो, तेव्हा बरोबर तोंडावर लाइट मारणारा माणूस. तोतारामकडे व्हिडिओ कॅमेरा होता आणि लगीनसराई सोडली तर त्याला काम नव्हतं. तो नानांना म्हणाला, आपल्या मालिकेचा व्हिडिओ पिक्चर काढू. आखाजीला, अक्षय तृतीयेच्या सणाला, लेकी माहेरी येतात, गावोगाव बायका मोकळ्या असतात. टीव्ही आणि व्हीसीआर टेम्पोत घालून गावात नेऊ आणि दाखवू.

नानांनी होकार दिला आणि लिहायला बसले. आणि पहिलं वाचन झालं, तेव्हा तोतारामनं कपाळावर हात मारला. का? तर रेडिओवर माणसाला सगळं बोलूनच दाखवावं लागतं. त्यामुळे पहिल्याच पानावर सून म्हणत होती, "मी आता हा तांब्या उचलते आणि पाणी भरून ओसरीवर नेऊन ठेवते." तोताराम म्हणाला, "नाना, तांब्या दिसतोय." पुढे सासरा म्हणत होता, "अरे, तू तर रडतोयस." "नाना, रडणंही दिसतंय." असं पानोपान. नाना चिडले. मग तांबडी शाई घेतली आणि जे कापायला लागले ते थांबेनात. नटमंडळी माझ्याकडे तक्रार करायला आली, की नाना आमच्या ओळी खाऊन टाकतात. नानांना सांगितलं तर नाना त्यांना म्हणाले, "ओळ गेली म्हणून तू गेलास का? डोळे आहेत ना तुला? मग त्यांना काम दे." पन्नाशी उलटलेला माणूस, अर्धं आयुष्य कानांसाठी लिहिलेलं, तो डोळ्यांसाठी लिहायला शिकला आणि तेही आमच्यासमोर, लाज न बाळगता. आज कोणी तरुण मुलगा मला म्हणतो, मॅडम, आता कॉम्प्युटर आला, आता लेखकाचं काय होणार? मला हसू येतं. बाबा रे, आम्ही एका माणसाला तांब्यावरून मार खाऊन उभं राहताना पाहिलंय.

पण खरी अडचण तांब्याची नव्हती. अडचण माझी होती.

झुंबरबाईला आता तोंड पाहिजे होतं. मी तिशीची, आणि दिसायला त्याहूनही लहान. आम्ही चाचणी घेतली. मला पांढऱ्या केसांचा टोप घातला, पेन्सिलनं सुरकुत्या काढल्या, हातात काठी दिली. तोतारामनं शूटिंग केलं आणि सगळ्यांनी ते टीव्हीवर बघितलं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये एखादी मुलगी आजीबाई होते ना, तेच. सगळे हसले. मीसुद्धा हसले. मग मोरीत जाऊन तोंड धुताना मी रडले. त्या पेन्सिलीच्या सुरकुत्या काही केल्या निघत नव्हत्या.

तोताराम म्हणाला, धुळ्याला एक बाई आहेत, साठीच्या, नाटकात काम केलेल्या, चेहरा म्हणजे थेट झुंबरबाई. त्यांना घेऊ. मी म्हटलं, आणि आवाज? तो म्हणाला, आवाजही त्यांचाच. एकाचं तोंड आणि दुसऱ्याचा आवाज जुळवायला मुंबईला जावं लागतं, ते आपल्याला परवडायचं नाही. तोताराम चुकीचं बोलत नव्हता, हे मी आजही सांगते. कॅमेऱ्याला जे दिसतं ते दिसतं. पण मला राग आवरला नाही. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "इतकी वर्षं मी तिला बोलतं ठेवलं आणि आता तिला तोंड पाहिजे म्हणून माझं तोंड बंद करता? मी झुंबरबाई सोडणार नाही. नाना, तुम्ही लेखक आहात ना, तुम्ही काढा मार्ग." नाना एवढंच म्हणाले, "रविवारी घरी ये."

रविवारी मी नानांच्या गावी, त्यांच्या घरी गेले. घर आपल्याकडच्या जुन्या रचनेचं, पुढे ओटा, मग बैठक, मग आत जायचं दार. वना आबा ओट्यावर बसलेले. एक बैल विकणारा आला होता, सौदा चालला होता. मी आतल्या खोलीत भागा अक्कांजवळ बसले होते. अक्का दाराच्या फळीला टेकून उभ्या होत्या, एका डोळ्यापुरती फट ठेवून. वना आबा बैठकीकडे पाठ करूनच म्हणाले, "काय म्हणतं घर?" आणि अक्का दाराआडून म्हणाल्या, "त्या काळ्याला चालवून दाखवा म्हणावं." चालवला. "मागचा पाय धरतो. नको. पांढऱ्याचं बोला." मग भाव झाला. मग मधेच त्या विकणाऱ्याच्या मुलीचं लग्न कुठे अडलंय तेही अक्कांनी काढून घेतलं, एक स्थळ सुचवलं, त्याला चहा पाठवला, कपबशी दाराबाहेर सरकवली. हात तेवढा दिसला, बांगड्यांसकट. तो बैलवाला जाताना वना आबांना नमस्कार करायचा सोडून दाराला नमस्कार करून गेला.

मी हसायला लागले आणि नानांकडे बघितलं. नाना हसत नव्हते. ते त्या दाराकडे बघत बसले होते. लग्नाला तीस वर्षं झाली होती, रोज ते दार त्यांच्यासमोर होतं. मी विचारलं, "नाना, काय झालं?" नाना म्हणाले, "कुंदा, तिला जेठ द्यायचा. बस."

मंडळी, पुढचं तुम्हाला कळलंच असेल. नानांनी झुंबरबाईच्या घरात एक म्हातारा जेठ आणून ओट्यावर बसवला. तो उठतच नाही. आणि म्हणून झुंबरबाई सबंध पिक्चरभर दाराबाहेर येत नाही. दाराआडून ती भाऊबंदांचं भांडण मिटवते, दाराआडून सुनेला शाळेत नोकरीला पाठवते, दाराआडून जावयाची खरडपट्टी काढते. कधी हात दिसतो, कधी साडीचा काठ, कधी उंबऱ्यावरचं पाऊल. तोंड नाही. तोताराम म्हणाला, "नाना, जिच्यासाठी लोक येणार तीच दिसणार नाही? असा पिक्चर असतो का?" नाना म्हणाले, "टांग्यावर मी कडीपर्यंतच सांगायचो. तंबू रिकामा राहिला का कधी?" मग तोतारामनं त्या दारावर असा काही उजेड मारला की मी कौतुकच करते. लग्नातसुद्धा असा मारत जा, तोताराम.

आता पहिल्या खेळाची गोष्ट. पारोळ्याकडचं एक गाव. आखाजीचा दुसरा दिवस, रणरणती दुपार. सोसायटीच्या गोदामात टीव्ही मांडला, अंधार व्हावा म्हणून दारं ओढून घेतली, खिडक्यांना ओली गोणपाटं लावली. माहेरी आलेल्या लेकी, त्यांच्या आया, पोरंटोरं, गोदाम गच्च. गावची पुरुष वडीलधारी मंडळी पुढे, पहिल्या रांगेत, आज इथे बसलीय तशीच. मी आणि नाना मागे भिंतीला टेकून उभे. लोक म्हणाले, बाई दिसत नाही, पैसे वाया गेले, तर दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या बाईंना निरोप जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. तोतारामनं तसं बोलूनही दाखवलं होतं.

अर्धा पिक्चर झाला. बायका झुंबरबाईच्या वाक्यावाक्याला हसताहेत, एकमेकींना कोपरं मारताहेत. पण पुढची मंडळी चुळबूळ करायला लागली. मी म्हटलं, संपलं. आणि मधोमध बसलेले पुना आबा म्हणून गावचे सगळ्यात जुने गृहस्थ होते, ते काठी टेकून उभे राहिले. टीव्हीच्या पुढ्यात. मागे वळून आपल्या बरोबरीच्यांना म्हणाले, "उठा रे बठ्ठा. आपुन आठे बसेल शेतस म्हनीसन ती बाई बाहेर येत नही. चला, बाहेर उभं ऱ्हाऊ."

पाहुण्यांना कळलं ना? आपण इथे बसलोय म्हणून ती बाई बाहेर येत नाही, चला, आपण बाहेर उभं राहू. आणि खरंच, पहिली रांग उठली. टोप्या सावरत, काठ्या टेकत, एकेक करून सगळे म्हातारे बाहेर उन्हात जाऊन उभे राहिले. पुना आबांनी जाताना दारही ओढून घेतलं. कोणी हसलं नाही. आता तुम्ही म्हणाल, त्यांना काय टीव्ही कळत नव्हता? कळत होता. घरोघरी होता. पण बाई दाराआडून बोलतेय म्हणजे समोर कोणीतरी मोठं बसलंय, आणि तिला मोकळं व्हायचं असेल तर आपण उठायचं, ही रीत त्यांना टीव्हीपेक्षा जास्त जुनी ठाऊक होती. ते रीतीला धरून वागले. यापेक्षा मोठा मान कोणत्या लेखकाला मिळालाय, मला सांगा.

तोतारामनं गडबडीत टेप थांबवला. गोदामात सगळ्या बायका त्या थांबलेल्या दाराकडे बघताहेत. नानांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "जा पुढं. म्हातारे उठलेत, आता तरी जा."

मी गेले. टीव्हीशेजारी उभी राहिले. पंजाबी ड्रेस नाही हं, साधी सुती साडी, दोन वेण्या तेवढ्या सोडलेल्या. कोणाला कळेना ही कोण पोरगी. मी तोंड उघडलं, "कसं शे बहीनहोन? बठ्ठ्या लेकी उन्यात ना आखाजीले?"

म्हणजे, कशा आहात बहिणींनो, सगळ्या लेकी आल्या ना आखाजीला? मग पुढची एक म्हातारी उठली, जवळ आली, माझी हनुवटी धरून तिनं माझं तोंड उजेडाकडे वळवलं. बघत राहिली. म्हणाली, "माय, तू इतली धाकली शे?" आणि तिनं मला जवळ घेतलं. शाळेच्या गॅदरिंगमधली आजीबाई म्हणून आमचेच लोक जिला हसले होते, तिला त्या बाईनं पांढरा टोप नसताना, सुरकुत्या नसताना झुंबरबाई म्हणून ओळखलं. मी तेव्हाही रडले. पण ते मोरीतलं रडणं नव्हतं.

बाहेरून पुना आबांचा आवाज आला, "ऊनी का व बाहेर?" बायका म्हणाल्या, "ऊनी, ऊनी." "मंग आम्ही येऊत का मझार?" म्हणजे ती आली बाहेर, तर आम्ही आत येऊ का. दाराच्या आत मी, बाहेर जेठमंडळी, आणि परवानगी ते मागताहेत. मी झुंबरबाईच्याच आवाजात म्हटलं, "थांबा जरासं. आमनं बोलनं व्हऊ द्या." ते थांबले. चांगले थांबले, उन्हात. आम्हा बायकांचं बोलणं तसं लवकर होत नाही.

त्या दिवसानंतर धुळ्याच्या बाईंचं नाव कोणी काढलं नाही. ती कॅसेट नरडाण्यापासून रावेरपर्यंत फिरली. मग केबल आली, नानांनी केबलसाठी लिहिलं. झुंबरबाई दाराआडच राहिली, नि माझीच राहिली. एक्स्चेंजमध्ये एसटीडी आली, आमचे तारांचे बोर्ड निघाले, मला बिलाच्या टेबलावर बसवलं. मी गेले. नानांकडून शिकले होते, की पाहुणा नवीन आला की त्याच्याशी ओळख करून घ्यायची असते.

आणि आता मुंबईच्या वाहिनीनं नानांना बोलावलंय. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, जेव्हा आपली माणसं गुडघ्याच्या तेलाची चौकशी करतात. हे साहेब इथे बसलेत म्हणून सांगते, रागवू नका. तुमच्या ऑफिसातून फोन आला होता, की मालिकेच्या सुरुवातीच्या नावांच्या पाट्यांमध्ये उखर्डू हे नाव बरं दिसणार नाही, दुसरं घ्याल का? वना आबांनंतरची मुलं गेली म्हणून आईनं नानांना उकिरड्यावर ठेवून परत उचलून घेतलं होतं, त्याचं ते नाव. नाना फोनवर म्हणाले, "ज्या बाईनं ठेवलं तिला विचारावं लागेल, आणि ती आता फोनवर येत नाही." तुम्ही समजूतदार, नाव तेच ठेवलंत. त्याबद्दल आम्ही आभारी आहोत.

पण साहेबांची दुसरीही एक मागणी होती. नव्या मालिकेत झुंबरबाई दाराबाहेर आली पाहिजे. पहिल्याच भागात, जेठासमोर. नाना माझ्या घरी आले. माझ्या डोक्याकडे बघून म्हणाले, "केस काळे करत नाहीस ना?" मी म्हटलं, नाही, कंटाळा येतो. म्हणाले, "करू नकोस. तुझं डोकं पिकलंय. आता टोप लागणार नाही." माझ्या नवऱ्यानं आजवर माझं इतकं कौतुक केलेलं नाही. तर झुंबरबाई मीच करणार आहे, तोंडासकट, हेही या निमित्तानं जाहीर करून टाकते.

पहिला भाग एसटीडी बूथवरून फॅक्सनं गेला. पण त्यात एक पान कोरं गेलं. साहेबांना वाटलं मशीन बिघडलं. मशीन नव्हतं बिघडलं. नानांनी मला सांगितलं, "कुंदा, ती बाहेर येते, एवढं लिहिता येतं. पण कशी येते? पदर धरून येते का सोडून? पहिला पाय कोणता? वर बघते की खाली? आणि तो म्हातारा काय करतो? मी हे कधी बघितलेलंच नाही. माझ्या घरात झालेलंच नाही. न बघितलेलं मी कसं लिहू?" परवाची गाडी आहे, मंडळी, आणि पान अजून कोरं आहे.

आता शेवटाकडे येते. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी वना आबा मला दारात भेटले. म्हणाले, "पोरी, सत्काराच्या वेळेला मी बाहेर जाऊन बसतो. भागाला साडी घेऊ दे." ऐंशी वर्षांचा माणूस, गुडघे धरलेले, पुना आबांसारखा उठून जायला तयार. मी विंगेत जाऊन अक्कांना ते सांगितलं. अक्कांनी पडद्याच्या फटीतून बाहेर बघितलं. मग म्हणाल्या, "त्यासले म्हना, उठू नका. मीच बाहेर ई राहिनू."

हो. मीच बाहेर येते, म्हणाल्या. मी दोनदा विचारून घेतलंय. मघाशी 'ठरलेलं नाही' म्हटलं, ते नानांसारखं कडीपर्यंतच सांगायचं म्हणून.

तेव्हा आता मी आवरतं घेते. नाट्य मंडळानं मला बोलायला उभं केलं त्याबद्दल त्यांचे आभार, अण्णांनी घड्याळ बघूनही न बघितल्यासारखं केलं त्याबद्दल त्यांचे जास्त आभार. बोलण्याच्या भरात कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाची जरा जास्त थट्टा झाली असेल, लहान तोंडी काही मोठं गेलं असेल, तर आपल्या घरची मुलगी बोलली म्हणून पोटात घाला.

वना आबा, तुम्ही काठी शोधताय, दिसतंय मला. बसून राहा. अक्कांचा निरोप आहे.

आणि नाना, तुम्ही माझ्याकडे काय बघताय? पडद्याकडे बघा. पहिला पाय कोणता ते नीट बघून घ्या, पान कोरं आहे तुमचं.

या, अक्का.